सुट्या भागांचा हंगाम

अंगणात सुपारी पसरली की आमच्या घराचा आवाजच बदलतो. सकाळी ऊन खळ्यावर आलं की मी अनवाणी त्यात शिरते आणि पाय ओढत ओढत चालते. खालची सुपारी वर येते, वरची खाली जाते. कुणी मोठ्या घंगाळात गोट्या ओतत बसलंय असं वाटतं. हे काम फळीनेही होतं. पण पायाला जे कळतं ते फळीला कळत नाही. ओली सुपारी पायाखाली गप्प असते, वाळत आलेली कुरकुरते. श्रीवर्धनात सून म्हणून आल्यापासून दर थंडीत मी अशी चालत आले आहे. इतकं चालून मी कुठेच पोचले नाही, ही गोष्ट वेगळी.

यंदा हंगाम पुन्हा आला, पण त्या आवाजात गेल्या वर्षीचे भलतेच शब्द मिसळलेत. प्रोसेसर. मदरबोर्ड. ग्राफिक्स कार्ड. सुपारीत खडे मिसळावेत तसे, आणि निवडायला बसावं तर हातात येत नाहीत. परवा भात कच्चा राहिला तेव्हा मी सुनेला म्हटलं, तुझ्या शेगडीला वॅट कमी पडतायत. ती बिचारी शेगडी उलटी करून बघत बसली.

हे सगळं सुरू झालं रेवापासून. रेवा माझी नात, नंदूची मुलगी. शिकून घरी आली होती आणि लोकांचे व्हिडिओ कापून जोडून द्यायची. लग्नाचे, समुद्रावरच्या लॉजवाल्यांचे, कुणाच्या बारशाचे. काम आटोपलं की मित्रमैत्रिणींबरोबर त्या पडद्यावर खेळायची, म्हणजे कानाला यंत्र लावून मारामाऱ्या करायची. पण तिचा जुना कॉम्प्युटर एक व्हिडिओ बाहेर काढायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात माझं सांदण फुगून, उकडून, खाऊन व्हायचं. गेल्या वर्षी सुपारी उतरवायला सुरुवात झाली आणि एक दिवस ओटीवर बसून ती म्हणाली, आता नवा लॅपटॉपच घेते, कुठेही नेता येतो.

बाकीच्यांनी लॅपटॉप ऐकला. मी फक्त कुठेही ऐकलं.

पुण्याला एका स्टुडिओत जागा आहे, असं तिच्या बोलण्यात दोनदा आलं होतं. जाईन म्हणाली नव्हती, जाणार नाही असंही म्हणाली नव्हती. घरात तो विषय उंबऱ्यावर बसलेल्या मांजरासारखा होता. सगळे त्याला ओलांडून ये-जा करत होते. आता गेल्या वर्षीची मी म्हणजे काय सांगू. केस सगळे पांढरे, पण अक्कल अजून दुधाच्या दातांची. त्या बाईने मनाशी हिशेब मांडला. लॅपटॉप म्हणजे पिशवी. पिशवी आली की माणूस निघालं. तेव्हा या मुलीला असं काहीतरी घेऊन द्यावं, की जे घरातून हलणार नाही. जे हलत नाही त्याच्यापाशी माणूस बसून राहतं.

मग काय, गुपचूप फोनवर व्हिडिओ बघायला लागले. एक मुलगा श्वास न घेता बोलायचा. त्यातलं एक वाक्य मला नीट कळलं: खेळायला आणि एडिटिंगला खरं दमदार हवं असेल तर सुटे भाग निवडून आपला आपण जोडलेला कॉम्प्युटर हवा. मी दुसऱ्याच दिवशी जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं, की यंदाची माझी सुपारी रेवाच्या कॉम्प्युटरला. पण लॅपटॉपला नाही. सुटे भाग घ्यायचे आणि चांगला दणकट जोडायचा. रेवाचा घास हातात राहिला. नंदू म्हणाला, आई, तुला हे कोणी सांगितलं? आमच्या यांनी ताकाची वाटी तोंडाला लावली आणि वाटीच्या वरून माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी तेव्हा ओळखायला हवं होतं.

सुटे भाग निवडणं म्हणजे काय असतं ते सांगायचं तर मला आधी ते कळायला हवं. रोज दुपारी रेवा सुपारीच्या कडेला पाट टाकून बसायची आणि मी पाय ओढत फेऱ्या मारायची. ती फोनमध्ये बघून सांगायची, मी विचारायची. प्रोसेसर म्हणजे मेंदू. बरं. मग ग्राफिक्स कार्ड म्हणजे? तोही मेंदूच, पण चित्रांचा. म्हणजे दोन मेंदू? हो. मग भांडत नाहीत? नाही भांडत, पण एक जोरात आणि दुसरा मंद असून चालत नाही. का नाही चालत, हे मला चार दिवस कळलं नाही. शेवटी तिने समोरच दाखवलं. आगरात पाडेली या पोफळीवरून त्या पोफळीवर सरसर जात घड उतरवतोय, आणि खाली घड उचलायला एकटे आजोबा. ढीग साठतो, पाडेली वर टांगून बसतो. तसं होतं, म्हणाली. मला कळलं. आनंदाने मी म्हटलं, मग आजोबाच बदलू. तर ती म्हणाली, आजोबा बदलले की वरचा पाडेली कमी पडेल. आणि दोघं बदलले की वीज जास्त लागेल, म्हणजे वीज पुरवणारा एसएमपीएस मोठा हवा, म्हणजे कॅबिनेट मोठं हवं. मी तिथेच सुपारीत बसले.

शिवाय यांच्यात जुळवाजुळव. हा प्रोसेसर त्या मदरबोर्डवर बसत नाही. ही रॅम त्यावर बसते, पण प्रोसेसरवर मोठा कूलर बसवला तर तो हिला टेकतो. मी म्हटलं, म्हणजे पत्रिका. ती म्हणाली, तसंच समज. पण पत्रिकेत नाही जमलं तर शांत करता येते. इथे मंगळाला शांतच नाही. प्रोसेसरच्या पिना वाकल्या की संपलं.

एक दिवस काहीतरी ठरायचं, दुसऱ्या दिवशी मोडायचं. तिच्या मित्राने सांगितलं, थोडं थांब, नवीन येतंय. त्या नवीनचा व्हिडिओ बघितला तर त्यात सांगितलेलं की जुनंच बरं. मला वाटायचं, बरंच आहे की, आणखी चार दिवस घोळ. कारण त्या घोळात आम्ही दोघी रोज दुपारी एकत्र असायचो. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं असं म्हणवत नाही. तेव्हाची मी आपल्या डावपेचांत इतकी गुंग होती की चांगलं काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं.

कॅबिनेटवरून मात्र आमची खरी जुंपली. कॅबिनेट म्हणजे पेटी, ज्यात हे सगळे नातेवाईक एकत्र नांदतात. रेवाला एका बाजूने काच आणि समोरून जाळी असलेली हवी होती, आत पंखे आणि पंख्यांत दिवे. मी म्हटलं, ही माशांची टाकी आहे. आणि जाळी कशाला? आमच्याकडे वस्तू घरात आली की तिला झाकणं ही पहिली रीत. खारी हवा काही सोडत नाही. दाराच्या कड्या खाते, सायकली खाते, टीव्हीच्या पाठीमागे जाऊन खाते. म्हणून फ्रिजला झगा, मिक्सरला टोपडं, आणि शिलाई मशीनला तर मी गोधडी शिवलेली आहे. मी म्हटलं, पत्र्याची बंद पेटी घे, एक भोक असलेलीसुद्धा नको. रेवाने डोक्याला हात लावला. आजी, याला हवा लागते, ती म्हणाली, कोंडून ठेवलं तर हे तापून बंद पडतं.

मी त्यावर काहीतरी बोलले असेन. पण ते वाक्य माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आलं, भांडी घासताना शेजारी उभं राहिलं. बाहेरच्या हवेने गंजतं आणि कोंडून ठेवलं तर तापतं. मग या किनाऱ्यावर करायचं काय एखाद्याने? शेवटी काच-जाळीचंच घ्यायचं ठरलं, पण जाड पत्र्याचं आणि भलं दांडगं. दांडगं हा माझा हट्ट. ती का म्हणून विचारत होती, मी म्हटलं, दिसायला बरं.

इथे मला एका बावीस वर्षांच्या बाईची ओळख करून द्यायला हवी. लग्न होऊन मी नुकती या घरात रुळले होते. आगर आवडायला लागलं होतं, शेजारी दोन मैत्रिणी जोडल्या होत्या, आणि यांची बदली झाली मुरुडला. हे मास्तर. मला जायचं नव्हतं, पण तसं तोंडाने म्हणायची पद्धत नव्हती. त्याच सुमारास मला शिलाई मशीन घ्यायचं होतं. हाताचं घेऊ की पायाचं, यांनी विचारलं. त्या शहाणीने पायाचं मागितलं. बिडाचा स्टँड, खाली लोखंडी पावडी, बाजूला हे एवढं चाक. तिला वाटलं, एवढं धूड काही मुरुडला जात नाही, आणि ते नाही गेलं तर मीही नाही. मशीन आलं त्या दिवशी ती मैत्रिणींना बोलवून त्या चाकावरून हात फिरवत होती, जशी काही किल्ल्याच्या दारावरून फिरवतेय.

यांनी एका सकाळी पाना घेतला. मशीन वरून सुटलं, ते चादरीत बांधलं. स्टँडचे पाय सुटले, ते सुतळीने बांधले. एसटीच्या टपावरून दिघी, दिघीच्या धक्क्यावरून लाँचमध्ये, आणि मी खाडी ओलांडत असताना समोर माझा किल्ला चार तुकड्यांत पडलेला, त्यावर कुणाची तरी कोंबड्यांची पाटी ठेवलेली. हे माझ्याशेजारी उभे होते, हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

इतकं होऊनही तीच बाई पांढरे केस घेऊन पुन्हा त्याच दुकानात उभी राहिली. दुकान या वेळी पनवेलचं होतं, एवढाच फरक.

पनवेलला मी हट्टाने गेले. दुकानात खोक्यांचे डोंगर, आणि गल्ल्यावर एक जाडसर, गोड बोलणारा शेठ. त्याने मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि रेवाकडे बघत मलाच विचारलं, "माँजी, किसके लिए चाहिए? गेमिंग के लिए या एडिटिंग के लिए?"

"दोन्हीसाठी," मी म्हटलं, "आणि घरी राहण्यासाठी."

तो हसला, त्याला वाटलं म्हातारी काहीतरी बोलली. रेवा हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग समोरच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचत राहिली.

सगळं ठरवून गेलो होतो, फक्त कार्डाचं अडलं. एक साधं होतं, त्याने तिचं काम भागलं असतं. एक चांगलं होतं, त्याने तिचं काम सपाट्याने झालं असतं. रेवा माझ्या सुपारीचा विचार करून साध्याकडे वळली. आजी, हे चालेल मला, म्हणाली. आता बघा, माझा डाव खरा असता तर मी त्याच वेळी मान डोलवायची होती. साधं काम होईल, साध्या गिऱ्हाइकांत राहील, लॉजवाले आणि बारशी, आणि मी रोज दुपारी पाय ओढत फिरेन. पण मी म्हटलं, चालेल कशाला, पळेल ते घे. माझ्या तोंडून ते कोण बोललं? वर्षभर मी विचार करतेय. डावपेचवाली तर नक्की नव्हती, ती तर आतून माझा पदर ओढत होती. जी बोलली ती कोण, कुठे राहते, आणि एरवी कुठे असते, मला माहीत नाही.

काही भाग आम्ही आणले, काही कुरियरने येत राहिले. प्रत्येक खोकं आलं की मी कानाशी धरून हलवायची. सुपारी वाळली की नाही ते आम्ही असंच बघतो. सालीच्या आत ती सुटली की खुळखुळते, मग ती सोलायला तयार. कार्डाचं खोकं मी हलवलं तेव्हा रेवाचा जीव गेला. आजी, यात काही खुळखुळलं तर ते वाया गेलं असं समजायचं, ती म्हणाली. म्हणजे एकात वाजलं की तयार, दुसऱ्यात वाजलं की वाया. या वयात इतके नियम मला लक्षात राहत नाहीत. मी दोन्ही हलवायची.

खोकं मात्र एकही टाकून दिलं नाही. आत तो पांढरा हलका थर्माकोल, पिशव्या, पुठ्ठ्याचे कप्पे, सगळं नीट परत भरून मी माळ्यावर ठेवलं. चांगलं खोकं टाकवत नाही हो. फक्त कॅबिनेटचं खोकं तेवढं मोठं होतं, त्यात मी सोललेली सुपारी भरली.

जोडणी ओटीवर झाली. लाकडी पाटावर मदरबोर्ड, रेवा मांडी घालून, आणि मी बॅटरीचा उजेड धरून. प्रोसेसर बसला आणि तिने एक बारीक नळी काढली. त्यातलं राखाडी मलम प्रोसेसरवर लावायचं, वर कूलर दाबायचा. फार लावलं तर बाहेर येतं, कमी लावलं तर तापतं. ती नळी उघडायची, पुन्हा बंद करायची. मी म्हटलं, आण इकडे. पानाला चुना किती लावायचा हे मी आयुष्यभर करत आले, जास्त झाला तर तोंड भाजतं, कमी झाला तर पान रंगत नाही. वाटाण्याएवढा ठिपका मी मधोमध ठेवला. त्या सगळ्या घोळात मला मनापासून समजलेली ही एकच गोष्ट. तिने कूलर दाबला आणि हळूच म्हणाली, बरोब्बर.

बटण दाबल्यावर पंखे फिरले, दिवे लागले, आणि आमच्या ओटीवर दिवाळी परत आली. रेवा ओरडली नाही, नाचली नाही. तिने नुसता माझा हात धरून ठेवला. मी मनात म्हटलं, बसला खुंटा.

पुढचे दिवस फार छान गेले, आणि तेच सगळं बिघडवून गेले. यंत्र पळायला लागलं तसं तिचं कामही पळायला लागलं. तिने स्वतःच्या हौसेने एक लहानशी फिल्म केली, आमच्या खळ्याची. कुणाचा चेहरा नाही, बोलणं नाही. फक्त सुपारीतून चालणारे पाय. माझे. भेगा पडलेले, जोडवी झिजलेली. आणि तो आवाज. मला तर वाटलं, यात बघण्यासारखं काय आहे, पायांना जरा खोबरेल तरी लावलं असतं. ती फिल्म त्या पुण्याच्या स्टुडिओने बघितली आणि या वेळी त्यांनीच तिला बोलावलं. चांगलं कार्ड मी निवडलं, पाय माझे, आवाज माझ्या सुपारीचा. तिला पाठवायची सगळी व्यवस्था मी अंगमेहनतीने केली होती.

आंब्याच्या दिवसांत ती निघाली. आदल्या दिवशी संध्याकाळी तिने ओटीवर पाट मांडला, मांडी घातली आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला. मला वाटलं, साफ करतेय. मग कार्ड बाहेर आलं. मग रॅम. ती माळ्यावर चढली आणि मी जपून ठेवलेली खोकी एकेक करून खाली आली. पांढरे थर्माकोल, पिशव्या, कप्पे, सगळं जिथल्या तिथे. प्रत्येक भाग आपापल्या खोक्यात असा बसला, जसा कधी निघालाच नव्हता. मी खांबाला टेकून बघत राहिले. झोपाळ्यावरून हे म्हणाले, "मशीनचे पाय सुटे होतात, विसरलीस?"

इतकी वर्षं वाट बघून हा माणूस हसला.

मलाही हसू आलं, पण ते नीट बाहेर पडेना. रेवाने स्क्रू एका वाटीत ठेवले आणि वर न बघता म्हणाली, "आजी, तू दांडगं कॅबिनेट का घेतलंस ते मला पनवेललाच कळलं होतं."

"मग घेऊ दिलंस कशाला?"

"मलाही वाटत होतं ना, की मग मी नाही हलणार."

एवढंच. मी आत जाऊन तिच्यासाठी सुपारी फोडली. ती सुपारी खात नाही, तरी पुडी बांधून दिली.

कॅबिनेट तेवढं मागे राहिलं. त्याच्या खोक्यात सुपारी भरलेली, आणि तसंच उघडं गाडीत घातलं तर काच फुटली असती. पुण्याला दुसरं घेते, म्हणाली. पावसाळाभर ते ओटीच्या कोपऱ्यात रिकामं उभं होतं. मी त्याला झगा शिवला, मग काढून टाकला. हवा लागते म्हणून. आत काहीच नाही, तरी हवा लागते म्हणून.

आणि आता हा हंगाम. सुपारी परत खळ्यावर आली, पाय परत ओढले जातायत. पंधरवड्यापूर्वी रेवाचा फोन आला. म्हणाली, कॅबिनेट आहेच तर त्यात तुझा कॉम्प्युटर जोडू, म्हणजे आपण दोघी इथून तिथून एकत्र खेळू. मारामारी नको असेल तर एक शेतीचा खेळ आहे. मी विचारलं, पोफळी आहेत का त्यात? नाहीत म्हणे. मग कसली शेती. पण खेळायचं ठरवलंय.

आता रोज दुपारी तिच्या जेवणाच्या सुट्टीत फोन येतो. मी फोन खळ्याच्या कडेला पाटावर उभा करते, ती बोलते, मी फिरते. परवा प्रोसेसर ठरला होता. काल मी तो मोडला, म्हटलं, नवीन येतंय असं ऐकलंय. ती म्हणाली, तुला शेती करायला कशाला हवा नवीन? मी म्हटलं, शेती मन लावून करायची तर हवा. मग कार्डावरून घोळ, त्यावरून एसएमपीएसवर. खरंच काही कळत नाही मला, नाटक नाही करत. गेल्या वर्षी कळल्यासारखं वाटलेलं तेही पावसात वाहून गेलं. ते पनवेलमध्ये कोण बोललं, तेही नाही कळत. तिला ठेवायचं होतं की पाठवायचं होतं, या वयात माणसाला आपलं आपण एवढं तरी माहीत असावं. नाही माहीत.

आज ती म्हणाली, आजी, तुला एवढा त्रास होतोय तर सरळ लॅपटॉप घेऊन देते, एका दिवसात काम होईल. मी म्हटलं, अजिबात नको. सुटे सुटेच घेऊ.

"मग सांग, प्रोसेसर ठरला का नक्की?"

मी वाकून पायाशी पडलेली एक सुपारी उचलली, कानाशी धरून हलवली. तिला फोनमधून दिसत होतं. हलकासा आवाज होता, म्हटलं तर होता.

"नाही गं," मी म्हटलं. "अजून ऊन लागेल."